पाण्याचा गेम

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या भावावर. अठ्ठ्याऐंशी सालच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, बैलांच्या शिंगांचा रंग अजून ताजा असताना. आमच्या गावच्या सहकारी उपसा सिंचन संस्थेच्या पंपघरात, सगळ्या गावासमोर. करणारे संस्थेचे चेअरमन. बघणारे आम्ही सगळे.

पत्रक लिहायला मला असंच शिकवलंय. कुणावर, कधी, कुठं, कुणी, हे आधी, रडणं नंतर. पण हे पत्रक नाही. पत्रक मी काढलं होतं, त्याचं काय झालं ते पुढं येईलच. हे मी आठवून लिहितेय, आणि आठवायला बसलं की आधी पंपघर आठवत नाही, चेअरमन आठवत नाहीत. आठवतो तो दादाच्या हातातला तळहाताएवढा एक खेळ.

आमचं गाव कळंबहून ढोकीकडं जाणाऱ्या रस्त्यापासून आत. गावाच्या खाली पाझर तलाव, तलावाच्या काठाला संस्थेचं पंपघर. तलावाचं पाणी मोटारीनं उचलायचं आणि वरच्या उसाला द्यायचं, एवढ्यासाठी संस्था. शेअर वरच्या शिवारवाल्यांचे. आमच्या बौद्धवाड्यात कुणाचा शेअर नाही, कारण पाणी पोचेल अशी जमीन कुणाची नाही. दादा त्या मोटारीवर रोजंदारीनं कामाला. मोटार चालू करायची, बंद करायची, ग्रीस भरायचं, पाईप फुटला की निरोप द्यायचा. आमच्या वाड्यातलं कुणी संस्थेत कायम झालेलं नव्हतं. दादा व्हायचा होता. मायनं तर ते होऊनच गेलंय असं धरलं होतं.

मग दुष्काळ पडला. तलावाचा तळ उघडा पडून भेगाळला. ऊस वाळला, तो जनावरांनी खाल्ला. मोटारीला उचलायला काही राहिलं नाही. माय आणि मी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागलो. मी कॉलेजच्या सुट्टीत, माय रोज. दादाही येणार होता. पण चेअरमननी त्याला पंपघरात बोलावलं.

"तू कुठं निघालास खडी फोडायला?" ते म्हणाले. "मोटार पडून राहिली तर जाम हुईल. रोज येऊन हातानं फिरवत जा. अन् राखण कर, तांब्याच्या तारंसाठी लोक मोटारी फोडायलेत. पाणी आलं की तुलाच कायम करू. माझा शब्द हाय."

हे मी स्वतः ऐकलंय. मी दादाची भाकरी घेऊन दारात उभी होते.

तर दादाचं काम असं. सकाळी कुलूप काढायचं. मोटार आणि पंप जोडणारं जे लोखंडी चाक असतं, त्याला कपलिंग म्हणतात, ते दोन्ही हातांनी धरायचं आणि फिरवायचं. पहिला फेरा जड जायचा, आत काहीतरी किरकिरायचं. मग ते मोकळं व्हायचं आणि गुळगुळीत फिरायचं. दादा डोळे मिटून ऐकायचा, किरकिर पूर्ण गेली की हात फडक्याला पुसायचा. झालं काम. त्यानंतर दिवस उरायचा. सगळा दिवस.

त्या दिवसात तो गेम आला. ढोकीच्या बाजूचा एक फिटर दादाचा दोस्त होता. तो आखातात कामाला गेला आणि पहिल्या सुट्टीत येताना दादासाठी ही वस्तू घेऊन आला. कंपासपेटीसारखी चपटी, मधे काचेची पट्टी, दोन बाजूंना दोन बटणं. काचेत वर तीन पाईप. पाईपांतून थेंब पडतात. खाली एक काळा माणूस, हातात बादली. डावं बटण दाबलं की डावीकडं सरकतो, उजवं दाबलं की उजवीकडं. थेंब बादलीत धरला की कोपऱ्यातला आकडा एकानं वाढतो. बादली भरली की कडेच्या टाक्यात नेऊन ओतायची आणि परत यायचं. थेंब चुकला की माणूस कपाळाला हात लावतो. तीनदा हात लावला की गेम संपला.

एवढंच. ह्याच्या पुढं काही नाही. दुसरं चित्र येत नाही, चौथा पाईप येत नाही. धर, ओत, धर, ओत.

गावानं त्याला पाण्याचा गेम असं नाव दिलं. टँकर यायचा तो पंपघराजवळच्या हौदावर. त्याची वाट बघत माणसं घागरी घेऊन तिथं बसलेली असायची, आणि टँकरची वेळ म्हणजे टँकरवाल्याची मर्जी. मग सगळी दादाभोवती. दादा खेळायचा आणि बाकीचे ओरडायचे.

"आरं धर, धर, डाव्या अंगाला."

"सांडलं की. अरारा. सगळं सांडलं."

"टाक्यात ओत आधी, बादली काठोकाठ झालीय."

शेजारची एक म्हातारी तर खेळाला बघून हळहळायची. थेंब खाली पडला की तीही कपाळाला हात लावायची, त्या काळ्या माणसाबरोबर. एकदा तिनं दादाला विचारलं, "रोज एवढं पाणी भरतूस, कुठं नेतोय रं त्यो?"

"टाक्यात, आजी."

"टाकं भरलं तर?"

दादा हसला. "भरू तर दे."

मी तेव्हा नव्यानं चळवळीची शिबिरं केली होती. आम्हाला तिथं सांगितलं होतं की माणसाला खुळखुळा दिला की तो भाकरी मागायचं विसरतो. मी दादाला ते ऐकवलं. दादानं मान वर न करता विचारलं, "बाई, आज भाकरी आणलीस का?" मी आणली होती. तो म्हणाला, "मग ठिव तिथं. इसरलो न्हाय."

मग एक दिवस मी खेळून बघितलं. खरं सांगायचं तर लई दिवस खेळले. भाकरी घेऊन जायची आणि उन्हं कलल्यावर परत यायची. पहिले काही थेंब अगदी सोपे, आळसावल्यासारखे पडतात. मग वेग वाढतो. तिन्ही पाईप एकदम गळायला लागतात आणि अंगठे आपोआप चालतात, डोकं रिकामं होतं. शंभर झाले की वेग थोडा कमी होतो. ही खरी मेख. तेवढ्या सवलतीत माणसाला वाटतं, जमलं आता, अजून एक शंभर करू. दुसऱ्या शंभरानंतर पुन्हा सवलत. कंटाळा तर असा येतो की जांभई देताना जबडा दुखतो, तरी हात थांबत नाही. कंटाळा आलाय हे कळतं आणि तरीही बटण दाबलं जातं. दोन्ही एकाच वेळी.

हे का होतं, ते मला खडीच्या कामावर कळलं. तिथं मी दिवसभर दगड फोडायची. फोडलेल्या खडीचा ढीग व्हायचा. ढीग पुरेसा आहे की नाही हे माप घेणारा ठरवणार, तो कधी येणार हे कुणालाच माहीत नाही. आला तर म्हणणार, खडी बारीक नाही, पुन्हा फोडा. दगड फुटला त्या क्षणी कुणी "हां, एक झाला" म्हणत नाही. गेम म्हणतो. थेंब धरला की धरला. लगेच, तिथल्या तिथं, तुमची जात न विचारता, पुढच्या मीटिंगवर न टाकता. त्या दोन वर्षांत आमच्या गावात, केलेलं काम केलं म्हणून मान्य करणारी ती एकच वस्तू होती आणि ती घड्याळाच्या सेलवर चालायची. सेल संपले की मी कळंबला घड्याळवाल्याकडून आणायची. कॉलेजच्या एसटीनं जाणारी मी, दादाचं तेवढंच एक काम माझ्याकडं.

आकड्याला तीन घरं होती. पुढं मागं ती भरणारच होती. दादाच्या अंगठ्यांना एवढा सराव झाला होता की तो खेळता खेळता गप्पा मारायचा. एक दिवस नऊशेच्या वर गेला आणि हौदावर बातमी पसरली. माणसं घागरी रांगेत ठेवून आत आली. पंपघर गच्च भरलं. टँकर आला तरी कुणी हललं नाही. टँकरवाला शिव्या देत आला आणि तोही बघत उभा राहिला.

"टाकं भरल्यावर काय हुतं?"

"काय तरी हुत असंल. उगं बनवलंय का एवढं."

"त्या माणसाला बसायला मिळत असंल."

शेवटचा थेंब बादलीत पडला. तिन्ही घरांत नऊ, नऊ, नऊ. पुढचा थेंब पडला आणि तिन्ही घरं शून्य झाली. बाकी काही नाही. वाजलं नाही, उजळलं नाही. काळा माणूस तिथंच उभा, बादली तीच, पाईप गळतायत.

सगळ्यांनी पुढं वाकून काचेत बघितलं. मग म्हातारी म्हणाली, "टाकं फुटलं का काय रं?"

सगळे हसले आणि बाहेर पाण्याला गेले. दादा मात्र खेळतच होता. शून्यावरून एक, दोन, तीन. मी म्हणाले, "दादा, पुसलं गेलं की सगळं. आता तरी ठेवा."

तो म्हणाला, "थांबलो तर पुढचा थेंब सांडंल की."

फिटर पुढच्या सुट्टीत आला तेव्हा पंपघरात असाच मेळा भरला होता. तो लोकांचं ओरडणं ऐकत होता आणि हळूहळू त्याच्या तोंडावर हसू यायला लागलं.

"पाणी पाणी काय करायलाव?" तो म्हणाला. "पाणी न्हाय ते. ही फॅक्टरी हाय. वरच्या मशीनीतनं त्याल गळतंय. डब्यावर लिव्हलं होतं की."

कुणाला पटेना. फिटरनं नीट समजावलं. कारखान्यात तेलाचे पाईप फुटलेत, खाली तेल पडू नये म्हणून एक कामगार बादली घेऊन पळतोय, पळतच राहणार आहे. गेमचा अर्थ तो.

म्हातारीनं विचारलं, "मग पाईप दुरुस्त का करीनात?"

"दुरुस्त केल्यावर गेम कसा हुईल, आजी?"

पुन्हा हसू झालं. दादा हसला नाही. त्यानं खेळ बंद केला, उलटसुलट करून बघितला, जणू मागच्या बाजूला काही लिहिलेलं सापडेल. मग म्हणाला, "म्हंजी मी कायबी भरीत न्हवतो. गळतीच धरीत हुतो."

"तसंच म्हण," फिटर म्हणाला.

बऱ्याच वेळानं, सगळे गेल्यावर, दादा मला म्हणाला, "आपण पाणीच म्हणायचं. कुणाला काय करायचंय."

रोज सकाळी तो कपलिंग फिरवत होता. ताप आला तरी गेला. शेजारच्या गावच्या संस्थेची मोटार त्या दुष्काळात जाम झाली, गंजून धरून बसली, ट्रॅक्टरमध्ये घालून लातूरला न्यावी लागली. ते ऐकल्यापासून दादा संध्याकाळीही एकदा फिरवायला लागला. मी म्हणाले, शब्द लिहून घ्या चेअरमनकडून. तो म्हणाला, "लिहून मागितलं तर म्हणतील इश्वास न्हाय." मी आणखी बोलायला हवं होतं असं लोक मला सांगतात. मी पुष्कळ बोलले. मी दुसरं काही करतच नव्हते. बोलण्यानं चाक फिरत नाही, आणि चाक फिरवल्यानं माणूस कायम होत नाही. आमच्या घरात दोघं दोन बटणं दाबत होतो.

अठ्ठ्याऐंशीला तलाव भरला. पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीची चाचणी ठरली. दादा उजाडायच्या आत गेला, त्यानं पंपात पाणी भरून आतली हवा काढली, कपलिंग एकदा फिरवून बघितलं आणि बाहेर येऊन हात धुऊन उभा राहिला. मायनं त्याला धुतलेला शर्ट घालायला लावला होता. वाड्यातून आम्ही सगळे गेलो होतो.

चेअरमन आले, डायरेक्टर आले. त्यांच्याबरोबर चेअरमनच्या मेव्हण्याचा मुलगा होता, नुकता आयटीआय करून आलेला. पंपाला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. चेअरमननी त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "दाब."

त्यानं हिरवं बटण दाबलं. मोटार एका दमात सुरू झाली. पाईप हादरला आणि वरच्या शिवारातून ओरडा आला, आलं, पाणी आलं.

"बघितलं का," चेअरमन सगळ्यांना म्हणाले, "दोन वर्षं बंद मोटार, पोराचा हात लागला अन् एका बटणात चालू. आजपासनं हेच आपले ऑपरेटर. कायम."

टाळ्या झाल्या. दादा गर्दीतून पुढं गेला. इतक्या हळू बोलला की मोटारीच्या आवाजात मला तोंड हललेलं तेवढं दिसलं. चेअरमननी मोटार बंद करायला लावली.

"काय म्हणतूस?"

"साहेब, माझं काय?"

"तुझं काय?" चेअरमन चिडले नाहीत, हे मला अजून खुपतं. हसून म्हणाले, "तू तर इथं गेम खेळत हुतास की दोन वर्षं. साऱ्या गावानं बघितलंय. का रं, बघितलंय का न्हाय?"

सगळ्या गावानं बघितलंच होतं. नाही कसं म्हणणार? माना खाली गेल्या. फक्त म्हातारी म्हणाली, "चाक बी फिरवायचा त्यो. रोज."

"चाक तर फिरलंच असतं की, आजी," चेअरमन म्हणाले. "जाम कुठं झालंय?"

ह्यावर काय बोलायचं ते मला आजपर्यंत सापडलेलं नाही. मी वक्तृत्वात बक्षिसं घेतली आहेत. जाम झाली असती तर सगळ्यांना दिसलं असतं. न झालेली गोष्ट दाखवायची कशी? दादाचं दोन वर्षांचं काम म्हणजे एक न घडलेला बिघाड. तो कुणाच्या हातात देता येत नाही, मोजता येत नाही, त्याचा फोटो निघत नाही.

मी ओरडले, हा अन्याय आहे. चेअरमन वळून म्हणाले, "ताई, पत्रक काढा तुमी. तुमचा हात चांगला हाय म्हणं."

काढलं. स्टेन्सिल कापून, कळंबला सायक्लोस्टाईल करून, हातानं वाटलं. कुणावर, कधी, कुठं, कुणी. लोकांनी घेतलं, घडी करून खिशात घातलं. चार दिवसांनी दुकानात त्याच्या पुड्या बांधलेल्या दिसल्या. तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथला माणूस वाईट नव्हता, त्यानं बसायला खुर्ची दिली. नेमणुकीचा कागद मागितला. नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग ते कामावर नव्हतेच ना. कामावर नसलेल्याला काढलं कसं म्हणायचं?" वार्षिक सभेला गेले, तर सभासद नाही म्हणून मांडवाबाहेर उभी केली. आत विचारायला दोघा-तिघा सभासदांना तयार केलं होतं. चांगली माणसं, दादाच्या हातचं पाणी त्यांच्या उसानं प्यालेलं. मांडवाच्या कनातीतून मी बघत होते. विषय संपत गेले, चहा आला. ते कपात बघत बसले. संपलं.

आता मोटार रोज चालते, म्हणून ती हातानं फिरवावी लागत नाही. दादा बरोबर होता हे सिद्ध व्हायला आता काही उरलेलं नाही. तो मिळेल त्या बांधावर कामाला जातो. पंपघराची वाट टाळत नाही, त्या वाटेनंच जातो, फक्त आत बघत नाही. मायनं विषय काढायचं सोडून दिलंय.

गेम घरात कोनाड्यात आहे. सेल संपलेत. मी आणू का विचारलं, तो नको म्हणाला. पण संध्याकाळी तो कोनाड्यातून काढून हातात धरतो आणि काच कोरी असताना अंगठे चालवतो. डावं, उजवं, डावं. बोलणं चालू असतं, जेवणाची वाट बघणं चालू असतं, अंगठेही चालू असतात. परवा माय म्हणाली, "हात थांबव की आता, लेकरा." त्यानं हातांकडं बघितलं. थांबवले. माय चुलीकडं वळली तसे ते पुन्हा सुरू झाले. मी समोर बसले होते.

तुमच्याकडून मला हळहळ नको. वाचणाऱ्या, तुझ्या गावात संस्था आहे. पाण्याची असेल, दुधाची असेल, उसाची असेल, आणि तू तिचा सभासद आहेस, मी नाही. तिथंही कुणीतरी दुष्काळभर असं चाक फिरवलेलं आहे. यंदाच्या सभेत, चहा यायच्या आधी, उभा राहा. विचार, की ही मोटार जाम का झाली नाही, कुणी होऊ दिली नाही. त्या माणसाला सगळ्यांसमोर पुढं बोलवायला लाव, आणि तो कायम होईपर्यंत खाली बसू नकोस.